मुक्या जनावरांची बाजू कशी मांडायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्नर, नारायणगाव, आळेफाटा या पट्ट्यात आम्ही दहा-बारा माणसं हे काम करतो. कुणी शिक्षक, कुणी शेतकरी, एक जण मेडिकलवाला. पगारी कुणीच नाही. रात्री-अपरात्री फोन येतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. लिहिणारा मी एकटा आहे, त्यामुळे मतंही माझीच आहेत. गटात सगळ्यांना ती पटतात असं नाही.

प्राण्यांची बाजू मांडायची म्हणजे नेमकं करायचं काय? आम्ही रोज बिस्किटं घालतोच की.

बिस्किटं घालणारा हात चांगल्या मनाचाच असतो. पण साखर-मैद्यानं कुत्र्याचं पोट भरत नाही आणि त्याचे हालही थांबत नाहीत. जनावराला अर्ज लिहिता येत नाही, साक्ष देता येत नाही, ग्रामसभेत हात वर करता येत नाही. ते काम त्याच्या वतीनं कुणाला तरी करावं लागतं. बाजू मांडणं म्हणजे एवढंच, आणि ते चिकाटीचं काम आहे.

आमच्या भागातल्या एका गावात बाजारतळावरचा जनावरांचा हौद तीन उन्हाळे कोरडा होता. लोक हळहळायचे, कुणी बादली ओतून जायचं. मग एका आजींनी ग्रामसभेत विषय काढला आणि "हे इतिवृत्तात लिहा, मी वाचून घेते" म्हणत ग्रामसेवकांसमोर बसून राहिल्या. पुढच्या महिन्यात हौदाला नळजोड मिळाला. आजींनी त्या दिवशी एकाही जनावराला हात लावला नव्हता, पण त्यांच्याएवढं काम त्या वर्षी आमच्यापैकी कुणी केलं नाही.

पाळीव प्राणी आणि रानातले प्राणी, दोन्ही एकत्र कशाला? ते वेगळे विषय नाहीत का?

कागदावर वेगळे आहेत. पाळीव आणि भटक्यांसाठी पशुसंवर्धन खातं आणि नगरपालिका, रानातल्यांसाठी वनखातं. जमिनीवर मात्र एकाचं सूत दुसऱ्यात अडकलेलं आहे.

गावाबाहेरच्या उकिरड्यावर चिकनच्या दुकानांचा कचरा पडतो. त्यावर कुत्री आणि डुकरं वाढतात. त्यांच्या मागे बिबट्या वस्तीपर्यंत येतो. मग आपण म्हणतो, बिबटे फार झाले. त्या उकिरड्याबद्दल ग्रामपंचायतीला दिलेला अर्ज एकाच वेळी कुत्र्याच्या, बिबट्याच्या आणि अंगणात खेळणाऱ्या लेकराच्या बाजूचा असतो.

दुसरं उदाहरण गिधाडांचं. माझ्या लहानपणी मेलेलं जनावर गावाबाहेर टाकलं की तासा-दोन तासांत गिधाडं उतरायची. मग ती दिसेनाशी झाली. कारण निघालं गोठ्यातलं. दुखण्यावर जनावरांना डायक्लोफिनॅक टोचायचे. असं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून २००७ पर्यंत देशातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९ टक्क्यांहून जास्त घटली. २००६ मध्ये जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर बंदी आली, २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅकवर. गिधाडं गेल्यावर मढी कुत्र्यांच्या वाट्याला आली, आणि कुत्री वाढली की रेबीजची भीतीही वाढते. म्हणून गाईला इंजेक्शन देताना डॉक्टरांना "मेलॉक्सिकॅम चालेल का?" एवढं विचारा. गिधाडांना त्याचा त्रास होत नाही. गोठ्यात उभं राहून रानातल्या पक्ष्यासाठी करता येण्यासारखं याहून सोपं काम मला माहीत नाही.

कायदा कोणता लागतो? खरंच काही शिक्षा होते का?

प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चा आहे. तो व्हावा म्हणून रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत धडपड केली आणि १९६२ मध्ये भारतीय जीवजंतू कल्याण मंडळ स्थापन झालं तेव्हा त्याच पहिल्या अध्यक्ष झाल्या. मारणं, उपाशी ठेवणं, आखूड साखळीला कायम बांधून ठेवणं, पेलणार नाही एवढं ओझं लादणं, आजारी जनावर रस्त्यावर सोडून देणं हे सगळं या कायद्याच्या कलम ११ मध्ये येतं. दुखणं आहे ते दंडाचं. पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये. साठच्या दशकात ती रक्कम असेल काही. आज तेवढ्यात दोन चहा येतात. हा दंड वाढावा म्हणून आपल्या खासदारांना पत्र लिहा. आम्ही दर अधिवेशनाआधी लिहितो.

जनावराला ठार मारलं, विष घातलं किंवा कायमचं जायबंदी केलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ लागतं. १ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंड संहितेतल्या कलम ४२८-४२९ ऐवजी हे आलं. यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे, आणि जनावर कुणाच्या मालकीचं असो वा बेवारस, कलम तेच.

रानातल्या प्राण्यांसाठी वन्यजीव संरक्षण कायदा १९७२. तो सगळ्यात कडक आहे. पहिल्या अनुसूचीतल्या, म्हणजे सगळ्यात जास्त संरक्षण असलेल्या यादीतल्या प्राण्याची शिकार केली तर तीन ते सात वर्षं कैद आणि किमान २५ हजार दंड.

आमच्या गल्लीत कुत्र्यांना विष घातलं. तक्रार कशी करायची?

हा प्रश्न येतो तेव्हा माणूस रडत असतो, म्हणून क्रम नीट सांगतो.

एका वस्तीत पहाटे सात कुत्री मेलेली सापडली. मटणाच्या तुकड्यांना कीटकनाशकाचा वास येत होता. लोकांनी दुर्गंधी नको म्हणून नऊ वाजेपर्यंत जेसीबीनं खड्डा काढून सगळी पुरली आणि मग आम्हाला फोन केला. आम्ही चौकीत गेलो तर साहेब म्हणाले, "कशानं मेली ते कशावरून?" त्यांच्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हतं. प्रकरण तिथंच संपलं. त्यातली एक कुत्री व्यालेली होती. तिची चार पिल्लं दोन दिवस त्या भरलेल्या खड्ड्यावर बसून होती. ते चित्र डोळ्यांपुढून जात नाही, म्हणून पुढचं सगळं पाठ करून ठेवलंय.

मेलेल्या जनावराला हलवू नका, पुरू नका. त्याचे, आजूबाजूच्या खाण्याचे आणि ओकारीचे फोटो काढा, जागेची खूण फोटोत येऊ द्या. उरलेलं खाणं हातमोजे घालून स्वच्छ डब्यात ठेवा, नाहीतर दुसरं कुत्रं किंवा कावळे ते खातील. जिवंत असलेल्याला मीठ-पाणी पाजत बसू नका, सरळ डॉक्टरकडे न्या. मग पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. तारीख, वेळ, जागा, काय पाहिलं, कोण साक्षीदार. ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणूनच लिहा. संशयिताचं नाव रागाच्या भरात घालू नका, पुराव्याशिवायचं नाव तक्रार मोडीत काढतं.

पंचनामा आणि शवविच्छेदन मागा. शवविच्छेदन सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात होतं, आणि व्हिसेरा, म्हणजे पोटातल्या अवयवांचे नमुने, तपासणीला जातो तो पोलिसांच्या पत्रानं. त्यामुळे पत्र हातात पडेपर्यंत तिथून हलू नका. ठाण्यात "एनसी करून देतो" म्हणतील, म्हणजे नुसती अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. कलम ११ च्या बहुतेक बाबी अदखलपात्र आहेत, तिथं एनसी बरोबर असते. विषाचं प्रकरण कलम ३२५ मध्ये येतं आणि ते दखलपात्र आहे, हे शांतपणे सांगा. आवाज चढवून आजवर आमचं एकही काम झालेलं नाही. तरीही घेतलं नाही तर तीच तक्रार पोलीस अधीक्षकांना पोस्टानं पाठवा आणि पोच जपून ठेवा. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्राणी क्लेश प्रतिबंधक समिती असते, एक प्रत तिकडेही द्या.

दोन वर्षांनी दुसऱ्या वस्तीत तेच घडलं. या वेळी आम्ही रात्रभर दोन मढ्यांवर ताडपत्री टाकून बसलो. गुन्हा नोंदवला गेला.

सोसायटीनं ठराव केलाय की कुत्रा पाळायचा नाही. असं करता येतं का?

नाही. जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत: सर्वसाधारण सभेनं बहुमतानं ठराव केला तरी पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. त्या सूचनांची प्रत चेअरमनना द्या आणि सोबत कुत्र्याच्या रेबीज लसीची आणि महापालिकेच्या परवान्याची प्रतही लावा.

पण एक सांगतो. शेजारच्या काकूंच्या दारात कुत्र्यानं घाण केली आणि तुम्ही न उचलता निघून गेलात, तर काकू कुत्र्यांच्या विरोधात जातील आणि उद्या त्यांचं मत भटक्यांच्याही विरोधात पडेल. पट्टा बांधा, घाण उचला, लिफ्टमध्ये कुणी घाबरत असेल तर थांबून पुढच्या फेरीला जा.

भटक्या कुत्र्यांना खायला घालणं गुन्हा आहे का?

गुन्हा नाही, पण कुठंही, कसंही घालता येत नाही. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे सोसायटीनं किंवा स्थानिक संस्थेनं जागा ठरवून द्यायची असते: मुलं खेळतात तिथून, जिन्यापासून, प्रवेशद्वारापासून दूर, आणि मुलं-म्हाताऱ्यांची वर्दळ नसेल अशा वेळी. सर्वोच्च न्यायालयानं २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात रस्त्यावर वाटेल तिथं खाऊ घालायला मनाई केली आणि प्रत्येक वॉर्डात ठरावीक जागा करायला सांगितलं. त्याच आदेशात नसबंदी आणि लसीकरण झालेली कुत्री मूळ जागी सोडायची असंही आहे, रेबीजची किंवा आक्रमक कुत्री वगळून. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशानं शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं इथली कुत्री हलवायची आणि परत तिथं न सोडण्याचा निर्देश दिला. या विषयातले आदेश बदलत राहतात, म्हणून अर्ज लिहिण्याआधी ताजा आदेश वाचाच. जुन्या आदेशावर भांडून आपण आपलीच बाजू कच्ची करतो.

माझं मत विचाराल तर, खाऊ घालणाऱ्यानं नसबंदीची जबाबदारीही घ्यावी. तुमच्या हातचं खाणारं कुत्रं तुमच्याकडं विश्वासानं येतं. त्याला गाडीत बसवणं नगरपालिकेच्या जाळीवाल्यांपेक्षा तुम्हाला सोपं जातं. कानाला खाच दिसली की समजा शस्त्रक्रिया झालेली आहे.

सरळ उचलून लांब डोंगरात का सोडून येत नाही?

कारण उकिरडा तिथंच राहतो. महिन्याभरात शेजारच्या भागातली, नसबंदी न झालेली, लस न टोचलेली कुत्री ती जागा घेतात. आणि डोंगरात सोडलेलं कुत्रं एकतर उपाशी मरतं, नाहीतर सशाच्या, चिंकाऱ्याच्या पिल्लांच्या मागे लागतं. दोन्हीकडे नुकसान.

कुत्रा चावला तर काय? तुम्ही तर कुत्र्यांचीच बाजू घेणार.

चावलेल्या माणसाची बाजू आधी. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावून पंधरा मिनिटं, कारण एरवी दोन मिनिटांतच आपल्याला पुरे वाटतं. हळद, चुना, मिरची काही लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा, लस मोफत असते. रक्त आलं असेल तर जखमेत द्यायचं इम्युनोग्लोब्युलिनही मागा. लिहून दिलेल्या तारखांना सगळे डोस पूर्ण करा, तिसऱ्या डोसला बरं वाटतंय म्हणून सोडू नका. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. पाळीव पिल्लाचं नख किंवा दात लागला तरी हेच.

ऊसतोडीत बिबट्याची पिल्लं सापडली. उचलून वनखात्यात नेऊन देऊ का?

नाही. आमच्या तालुक्यात हा प्रश्न दर हंगामात येतो.

मादीला ऊस म्हणजे रानच. दाट, गार, शेजारी पाणी. फडातच ती विते. नोव्हेंबर उजाडतो, कोयते चालू होतात आणि सरी उघडी पडता पडता पाचटात दोन-तीन गोळे दिसतात, डोळे अजून निळसर. आई जवळच असते, माणसांच्या आवाजानं लांब सरकलेली. पिल्लं उचलून नेली की ती रात्री येऊन शोधते. सापडली नाहीत की त्या परिसरात बेभान फिरते, आणि तेव्हा खरा धोका तयार होतो. तिकडं पिल्लांचं आयुष्य पिंजऱ्यात जातं.

म्हणून तोड थांबवा, मुकादमाला सांगून मजुरांना बाजूला घ्या, १९२६ या वनखात्याच्या हेल्पलाइनला फोन करा. पिल्लांना हातात घेऊन फोटो काढू नका. आणि ती बिबट्याचीच असतील असंही नाही. रानमांजराची, वाघाटीची पिल्लंही अशीच दिसतात, त्यांना तर जागेवरून हलवण्याचीही गरज नसते.

एकदा मी वनखात्याच्या लोकांबरोबर थांबलो होतो. डॉक्टरांनी तीन पिल्लं तपासली. अंधार पडायच्या आत ती टोमॅटोच्या प्लास्टिक क्रेटमध्ये, ज्या सरीत सापडली तिथंच ठेवली. वरून दुसरं क्रेट हलकंच उपडं घातलं, मादीला पंजानं सारता येईल असं. कॅमेरा लावला. शेतकऱ्यानं मोटर बंद ठेवली, वस्तीवरचे दिवे मालवले, कुत्री बांधून घेतली. आम्ही अर्धा किलोमीटरवर जीपमध्ये. कुणी खोकलासुद्धा नाही. सकाळी कॅमेऱ्यात पाहिलं: साडेआठच्या सुमारास ती आली, क्रेटभोवती दोन फेऱ्या मारल्या, बसली, मग वरचं क्रेट लोटलं. एकाला मानगुटीला धरून घेऊन गेली. चाळीस मिनिटांनी दुसऱ्यासाठी आली. तिसऱ्यासाठी पहाटे तीनला. शेतकऱ्याचा ऊस दोन दिवस उभा राहिला आणि गाडी दुसऱ्या फडावर गेली, हे त्याचं नुकसान होतं. तो एवढंच म्हणाला, "लेकरं गेली ना आईकडं, मग झालं." अशा शेतकऱ्यांची दखल घ्या, त्यांचा सत्कार गावात करा. पुढच्या वर्षी दुसरा कुणी तोड थांबवायला तयार होतो तो यामुळे.

बिबट्या दिसला की पिंजरा लावा आणि लांब सोडा, याला तुमचा विरोध का?

आधी हे लिहितो: २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात तीन जीव गेले, त्यात लहान मुलंही होती. ज्यांच्या घरातलं लेकरू गेलं त्यांच्यापुढे बसून मला बिबट्याचं कौतुक सांगता येत नाही आणि सांगूही नये. माणसावर हल्ले करणारा बिबट्या पकडलाच पाहिजे.

पण नुसता दिसला म्हणून पकडून दुसरीकडे सोडणं हा उपाय जुन्नरमध्ये करून झालेला आहे. २००१ पासून इथले बिबटे धरून लांबच्या जंगलांत सोडले. बिबट्यांच्या अभ्यासक डॉ. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला तेव्हा दिसलं की वर्षाला सरासरी चारवर असलेले माणसांवरचे हल्ले सतरावर गेले. अनोळखी मुलखात टाकलेलं, पिंजऱ्यात माणसांनी वेढलेलं जनावर बिथरतं. आणि ते सोडलेल्या जागी राहतही नाही. २००९ मध्ये पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला एक वयस्क नर काढला, गळ्यात माग काढणारी कॉलर घालून माळशेज घाटात सोडला. आजोबा म्हणायचे त्याला. तो सुमारे १२० किलोमीटर चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात पोचला. वाटेत कुणालाही ओरखडा नाही. डिसेंबर २०११ मध्ये मुंबई-अहमदाबाद महामार्गावर गाडीच्या धडकेनं गेला.

मग मागायचं काय? शेळ्यांना वरून झाकलेला, जाळीचा गोठा. वस्तीवर रात्रीचा उजेड. शेतीला दिवसा वीज, म्हणजे पहाटे अंधारात पाणी धरायला जावं लागणार नाही. घराला चिकटून ऊस नको. अंधार पडल्यावर लहान मूल एकटं अंगणात नको. शेळी गेली तर लगेच वनरक्षकाला कळवा, पंचनामा करून भरपाई घ्या. भरपाई वेळेवर मिळाली की मढ्यात विष कालवायची वेळ येत नाही.

घरात साप निघाला.

त्याच्यावरची नजर हलवू नका, मुलांना बाहेर काढा, दारं उघडी ठेवा, सर्पमित्राला किंवा १९२६ ला फोन करा. आपल्याकडे माणसाच्या जिवावर उठणारे मुख्यतः चार: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. धामण तर शेतकऱ्याचे उंदीर खाते. चावलाच तर पट्टी आवळून बांधू नका, चिरा देऊ नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. हातपाय न हलवता सरळ रुग्णालयात.

साप दूध पीत नाही. नागपंचमीला टोपलीतला नाग दूध पितो कारण त्याला कित्येक दिवस तहानलेलं ठेवलेलं असतं. दात काढलेले असतात, कधी तोंडही शिवलेलं असतं. मावश्या-काकूंना हे रागावून सांगू नका. आमच्या गटातल्या ताई पाटावर गंधानं नाग काढून देतात आणि सांगतात, "पूजा ह्याची करू, तो रानात राहू दे." सगळ्या ऐकतात.

पिंजऱ्यातला पोपट, घरातलं कासव?

आपले देशी पोपट वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहेत, पाळता येत नाहीत. पाठीवर चांदण्या असलेलं कासव पैसा येतो म्हणून ठेवतात, ते पहिल्या अनुसूचीत आहे. घरात असेल तर रातोरात गच्चीवरून उडवून देऊ नका किंवा तळ्यात सोडू नका. पंख छाटलेला पोपट दहा फुटांवर पडतो आणि मांजर नेतं. वनखात्याला सुपूर्द करा, ते उपचार केंद्रात देतात. डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं छोटं कासव मात्र अमेरिकेतलं आहे. तेही तळ्यात सोडायचं नाही, आपल्या देशी कासवांचं अन्न ते संपवतं.

घाटातल्या माकडांना शेंगदाणे, खाडीवरच्या पक्ष्यांना शेव, चौकात कबुतरांना दाणे, हे पुण्य नाही का?

भावना समजते. पण घाटातलं माकड त्या शेंगदाण्यासाठी रस्त्यावर येतं आणि गाडीखाली जातं. हजारो मैल उडून आलेल्या सीगलला तळलेली शेव चालत नाही. कबुतरांची विष्ठा आणि पिसं फुप्फुसांना घातक ठरतात, म्हणून २०२५ मध्ये मुंबईत कबुतरखाने बंद करण्यावरून एवढा वाद झाला. उन्हाळ्यात उथळ भांड्यात पाणी ठेवा, रोज घासून. तेवढं खरंच उपयोगी आहे.

मांजात अडकलेला किंवा उन्हानं पडलेला पक्षी मिळाला तर?

मांजा ओढू नका, पंखाचं हाड उघडं पडतं. दोन्ही बाजूंनी कापा. हलका टॉवेल टाकून पक्षी उचला, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा, खोकं अंधारात, शांत जागी. चोचीत पाणी ओतू नका. ते श्वासनलिकेत जातं आणि वाचू शकणारा पक्षी तिथंच मरतो. मे महिन्यात घारी अशाच जातात. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाची २०१७ पासून देशभर बंदी आहे. डिसेंबरातच दुकानांवर लक्ष ठेवा, विकताना दिसला तर पोलिसांना कळवा. संक्रांतीच्या दिवशी उशीर झालेला असतो.

पक्ष्याचं पिल्लू घरट्यातून पडलंय, घरी आणू?

पिसं फुटलेली असतील तर ते उडायला शिकतंय. जवळच्या फांदीवर ठेवा, मांजर हाकला, आई येते. माणसाचा हात लागला म्हणून ती टाकून देत नाही.

बैलगाडा शर्यतीबद्दल तुमचं म्हणणं काय?

आमच्याच भागाचा विषय आहे आणि माझ्या घरातही बैल होते. १८ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं शर्यतीला परवानगी देणारे राज्यांचे कायदे कायम ठेवले. त्यामुळे आता लढा नियमांचा आहे: परवानगी जिल्हाधिकाऱ्यांची, अंतर जास्तीत जास्त हजार मीटर, काठी-चाबूक-विजेचा झटका नाही, तपासणीला पशुवैद्यक हजर. शेपटी चावलेली दिसली, पराणी टोचलेली दिसली तर व्हिडिओ काढा आणि तिथल्या तिथं अधिकाऱ्याला दाखवा. यात्रेत मला यावरून शिव्या मिळाल्या आहेत, पण दोन गाडामालक नंतर घरी येऊन "बरोबर बोललास" म्हणून गेले. मला स्वतःला ऊस वाहणाऱ्या बैलांचं दुःख जास्त वाटतं. शर्यतीचा बैल तूप-अंडी खातो. कारखान्याच्या रस्त्यावर चढाला गुडघे टेकणाऱ्या बैलाकडे कुणाचा कॅमेरा नसतो.

माणसं उपाशी असताना कुत्र्या-मांजरांचं काय घेऊन बसलात? आणि तुम्ही मटण खाता ना?

ऊसतोडीच्या फडावर पिल्लांसाठी गेलो तेव्हाच तिथल्या मुलांना शाळा नाही हे आम्हाला कळलं, आणि गटातल्या गुरुजींनी ते काम हातात घेतलं. एकाकडे लक्ष गेलं की दुसऱ्याकडेही जातं, असा माझा अनुभव आहे. खाण्याबद्दल: गटात दोन्ही प्रकारची माणसं आहेत. मी खात होतो, आता खात नाही, पण ती अट कुणाला घालत नाही. खाणाऱ्यानंही कोंबड्यांना पाय बांधून उलटं लटकवून नेणाऱ्याला थांबवावं.

पिल्लू पाळायचं आहे. कोणतं घ्यावं?

गावठी. आपल्या हवेला टिकतं, आजार कमी, माया तेवढीच. केसाळ थंडीतल्या जातीचं कुत्रं मराठवाड्याच्या उन्हात धापा टाकताना बघवत नाही. घरातल्या सगळ्यांची संमती घ्या. बारा-चौदा वर्षांची जबाबदारी आहे, आणि मुलं शिकायला बाहेर गेली की ती आईवरच पडते. पार्व्हो, डिस्टेंपर, रेबीजच्या लसी, जंताचं औषध, गोचीड बघत राहणं, सहा महिन्यांनंतर नसबंदी. चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा देऊ नका. आणि मांजराला ताप आला म्हणून घरातली पॅरासिटामॉल कधीही नको. एका गोळीनं मांजर दगावतं. हे मेडिकलवाले दादा सगळ्यांना हात जोडून सांगतात.

जखमी प्राणी तुमच्याकडे आणून दिला तर ठेवाल का?

आमच्याकडे जागा नाही, शेड नाही. रानातला प्राणी ठेवायचा अधिकारही नाही. १९२६ ला फोन करा. गाय-बैल, शेळी असेल तर १९६२, पशुवैद्यकाची फिरती गाडी येते. मग आम्हाला कळवा, आम्ही तुमच्यासोबत येतो, पोलीस ठाण्यात आणि रुग्णालयात. फोनवर गावाचं नाव सांगून ठेवून देऊ नका. कुठला फाटा, कुठल्या मंदिरामागे, रस्त्याच्या कुठल्या अंगाला, प्राणी उठतोय की पडून आहे, हे सांगा. गर्दी मागे हटवा, मोबाइलचे दिवे बंद करायला लावा. आणि गाडी येईपर्यंत त्याच्यापासून दहा पावलं लांब, पण नजरेसमोर थांबा.